आपण चौघी

त्या मंगळवारी हर्षिता घरून निघाली ती अगदी निवांत. अमेरिकेतल्या कॅरी गावातलं ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता आणि कामही तिच्या रोजच्याच जातीचं होतं. एकाचं मराठी ऐकायचं आणि दुसऱ्याला इंग्रजीत सांगायचं. एरवी हे काम ती फोनवरून करते. कुठल्यातरी लांबच्या शहरात कुणाचे तरी वडील डॉक्टरला 'पोटात मुरडा येतो हो' म्हणतात, आणि हर्षिता आपल्या स्वयंपाकघरात बसून त्या मुरड्याचं इंग्रजी करते.

या धंद्याचे दोन नियम आहेत आणि दोन्ही विचित्र. पहिला असा, की दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही, सरळ 'मी' म्हणायचं. त्यामुळे आजवर हर्षिताला मधुमेह झालेला आहे, हार्ट अटॅक येऊन गेलेला आहे आणि एकदा तर तिचं प्रोस्टेटचं ऑपरेशनही झालं आहे. "एवढे आजार आहेत हे लग्नाआधी सांगायचंस ना, यार," असं तिचा नवरा धम्मदीप अजून म्हणतो. दुसरा नियम जास्त कडक. जे कानावर पडेल ते सगळं सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही.

त्या दिवशी तिनं हा दुसरा नियम एकदाच मोडला. पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं ती मानते.

काम होतं युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय कोर्टाचं. बरीच वर्षं झाली, आफ्रिकेतल्या एका देशात वंशसंहार झाला होता. देशाचं नाव हर्षिताला कुणापाशी काढायची बंदी आहे, म्हणून इथेही नाही. तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात जे घडलं, त्याचा खटला आता उभा राहिला होता. आरोपी त्या दवाखान्याबाहेरचा, हल्लेखोरांना घेऊन आल्याचा आरोप असलेला एक डॉक्टर होता, आता चांगला म्हातारा झालेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तो डॉक्टर मी नव्हेच. नाव तेच आहे, माणूस दुसरा. मी त्या दवाखान्यात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही.

तो तोच आहे, हे सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं. त्या वॉर्डात काम केलेली नागपूरकडची एक नर्स. ती आता अमेरिकेत मुलापाशी राहते. कुठल्या शहरात, ते विचारायचं नाही. तिला विमानानं इथे आणलं होतं, दुसऱ्याच नावानं हॉटेलात ठेवलं होतं, आणि बाहेर ऐकणाऱ्यांना तिचा चेहरा पुसट अन् आवाज बदललेला मिळणार होता. कोर्टात तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. आपण तिला कमला म्हणू.

भाड्यानं घेतलेल्या ऑफिसातली ती मीटिंगची खोली होती. खिडकी नाही, गालिचा करडा, कालच्या कॉफीचा वास. एका भिंतीवर मोठा पडदा, समोर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त कमला आणि तिच्यामागची कोरी भिंत येत होती. हर्षिताची खुर्ची चौकटीबाहेर, कमलाच्या बाजूला, दाराकडे पाठ करून. साक्षीदाराची काळजी घ्यायला कोर्टानं डोना नावाची एक बाई नेमली होती. तिनं टिश्यूचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि खायला ग्रॅनोला बार नीट मांडून ठेवले होते. माणसाला जे आठवायला लावणार आहोत, त्याला पुरे पडेल असं तिच्यापाशी एवढंच होतं बिचारीच्या.

कमला लहानखुरी होती. साडीवर राखाडी स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. हात सारखे मांडीवरच्या पदराच्या घड्या घालत होते. काठाला काठ जुळवून चौकोनी घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

"मावशी, रिलॅक्स व्हा. पाणी देऊ?" हर्षिता सहज म्हणाली.

झालं! पडद्यावरचा बचाव पक्षाचा वकील ताडकन उठला. दुभाषी बाई साक्षीदाराला काय म्हणाल्या? मावशी म्हणजे आईची बहीण ना? मग दुभाषी साक्षीदाराची भाची आहे! आता आपल्यात भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना मावशी म्हणतात, हे त्या कोर्टाला समजावता समजावता हर्षिताला घाम फुटला. शेवटी न्यायाधीशबाईंनी हुकूम दिला, नातं लावायचं नाही. कमला पहिल्यांदाच हसली. "बाप्पा," ती हळूच म्हणाली, "इथं मावशी म्हणायलाही चोरी."

मग रीत सुरू झाली. साक्षीदार दुसऱ्या गावी असला की आधी त्या खोलीत कोण कोण आहे याची खात्री करून घेतात. आड उभं राहून कुणी त्याला पढवत नाही ना, धमकावत नाही ना. न्यायाधीशबाईंनी विचारलं, डोनानं उत्तर दिलं. साक्षीदार, दुभाषी आणि मी. आम्ही तिघी आहोत.

"चौघी."

अगदी हळू. कुणीतरी श्वासावर बोलावं तसं. हर्षिताला वाटलं, म्हातारीनं चुकून दारापाशी ठेवलेला डोनाचा कोट मोजला असेल, नाहीतर घाबरून काहीतरी पुटपुटली असेल. असल्या पुटपुटण्याचं काय भाषांतर करायचं? तिनं ते गाळलं.

कमला मात्र तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे पाहत होती. तिच्या हातातली पदराची घडी थांबली होती.

सकाळ पुढे सरकली. कमला हळूहळू बोलत होती. आम्ही नर्सेस अशा राहायचो, आम्ही असं काम करायचो. सरकारी वकील आदबीनं विचारत होते. तिच्या हाताखाली तिथलीच एक मुलगी होती. अंगानं चिमणीएवढी. या मुलीचं नाव उघड कोर्टात घ्यायचं नाही, असं कमलाला आधीच बजावलेलं होतं, म्हणून ती 'ती मुलगी' एवढंच म्हणत होती. दोघी मिळून चादरी वाळत घालायच्या, काठाला काठ जुळवून घड्या करायच्या. घड्या घालता घालता कमलानं तिला मराठी शिकवलं होतं.

"का शिकवलं?" वकिलांनी विचारलं.

"मला बोलायला कोण होतं, साहेब? काय काय शिकवलं! आपण चादर झटकू, आपण चहा पिऊ. तिला आम्ही हा शब्द येतच नव्हता. मीच कधी शिकवला नाही. आमच्यात आपणच चालायचं."

इथे हर्षिता अडली. इंग्रजीला बिचारीला दोन्हींसाठी एकच शब्द. समोरच्याला वगळून आम्ही, समोरच्याला धरून आपण, हे तिथे कुठून आणायचं? तिनं कसंबसं समजावलं. न्यायाधीशबाईंनी मान हलवली आणि विषय पुढे गेला.

हल्ला झाला त्या दिवशी कमला वरच्या मजल्याच्या खिडकीत होती. अंगणात माणसं शिरली. त्यांच्यात एक पांढरा कोट होता. मुलगी अंगणातच कपडे गोळा करत होती.

"मी खिडकीतून तिला हाक मारली. जोरात मारली. त्या कोटवाल्यानंही वर बघितलं. पोरगी धावत वर आली आणि तिनं मला चादरींच्या कपाटात ढकललं. एवढीशी पोर, कुठून आणलं बळ? बाहेरून कुलूप लावलं आणि म्हणाली, 'आपण गप.' मग मला फक्त ऐकू येत होतं." तिनं पदराची घडी मोडली. "नंतर लोकांनी दार फोडून मला काढलं. किल्ली कधी सापडलीच नाही. आणि ती मुलगी मेलेल्यांत कुणी मोजली नाही, साहेब. तिच्या घरचं कुणी उरलंच नव्हतं सांगायला."

डोनानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला. कमलानं एक कागद काढला आणि त्याचीही चौकोनी घडी घातली.

मग बचावाचा वकील उठला. त्याचा आवाज मऊ होता, आणि मऊपणानं कापलेलं जास्त दुखतं.

"त्या कोटवाल्याचा चेहरा तुम्ही पाहिलात?"

"लांब होता तो."

"चेहरा, मॅडम."

"नाही."

"नंतर तुम्ही कपाटात होतात. कपाटाला खिडकी होती?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही एक कोट पाहिलात. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, एक कोट. आणि तेवढ्यावर तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला खुनी म्हणता आहात. लाज नाही वाटत?"

हे सगळं कमलाला मराठीत सांगायचं होतं हर्षितालाच, तेही स्वतःच्या तोंडानं. 'लाज नाही वाटत?' हे आईच्या वयाच्या बाईला विचारायचं तिच्या जिवावर आलं. पण नियम म्हणजे नियम. तिनं विचारलं आणि शरमेनं खाली वहीत डोकं घातलं. आता ही बाई 'नाही पाहिलं' म्हणणार आणि तो माणूस सुटणार, हे तिला कळून चुकलं होतं. तिला रडू येत होतं.

खोलीत गारवा वाढला होता. कॉफीचा वास कधी गेला ते तिला कळलं नाही. आता फिनेलचा वास येत होता, आणि त्याच्या आडून उन्हात कडक वाळलेल्या सुती कापडाचा.

"आपण बघितला."

हर्षितानं वहीतून मान वर न करता त्याचं इंग्रजी केलं. होय, आम्ही त्याला पाहिलं. हाताला सवय असते, कानाला सवय असते. डोकं मागून येतं.

"तो दारात उभा. चष्मा घाण झाला. चादर घेतली... पुसला. आपली घडीची चादर."

तिनं तेही सांगितलं. भाषा कच्ची वाटत होती, पण घाबरलेली माणसं तशीच बोलतात.

"किल्ली कुठे विचारला. आपण नाही दिली. खूप विचारला... खूप." आवाज अगदी जवळ आला होता, तिच्या उजव्या कानामागे. "आपण गिळली."

इंग्रजीत 'गिळली' म्हणताना हर्षिताच्या लक्षात आलं की कमला तर डाव्या हाताला बसली आहे.

तिनं वर पाहिलं. कमलाचे ओठ घट्ट मिटलेले होते. दोन्ही हात तोंडावर दाबलेले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती हर्षिताच्या मागे पाहत होती.

"दुभाषी बाई," पडद्यावरून न्यायाधीशबाईंचा आवाज आला. "थांबा. साक्षीदार काहीही बोललेली नाही. तुम्ही कुणाचं भाषांतर करता आहात?"

हर्षिताच्या तोंडचं पाणी पळालं. डोनाकडे पाहिलं तर डोना भिंतीला पाठ लावून उभी होती. "शी डिडन्ट से एनिथिंग," ती पुटपुटली. "फक्त तूच बोलत होतीस, हनी."

कोर्टानं रेकॉर्डिंग लावलं. वकिलाचा प्रश्न ऐकू आला, हर्षिताचं मराठी ऐकू आलं, मग शांतता. मग तिचं इंग्रजी. पुन्हा शांतता, पुन्हा इंग्रजी. मधल्या जागा कोऱ्या होत्या. बचावाचा वकील आता ओरडतच होता. दुभाषीनं साक्ष रचली! मावशी म्हणाली तेव्हाच मी सांगत होतो! सगळी साक्ष रद्द करा!

न्यायाधीशबाईंनी कमलाला सरळ विचारलं. दुभाषीनं जे सांगितलं, ते तुमचे शब्द आहेत का?

कमलानं 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. हर्षितानं मनातल्या मनात तिला विनवलंसुद्धा, मावशी, हो म्हणा.

"नाही," कमला म्हणाली. "खरं बोलायची शपथ घेतली आहे मी. माझे शब्द नाहीत ते." आणि मग अगदी हळू, "पण किल्लीचं... किल्लीचं मला आज कळलं गं, पोरी."

ते शेवटचं वाक्य हर्षितासाठी नव्हतं. तरी तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं, आपल्याच गळ्याला फास लागतो आहे हे समजत असताना. 

 न्यायाधीशबाई जुन्या वळणाच्या असाव्यात. काही बिघडलं की त्या पहिल्या पायरीवर परत जात. त्यांनी पुन्हा विचारलं, त्या खोलीत कोण कोण आहे?

"तिघी," डोना म्हणाली.  "युवर ऑनर, आम्ही तिघीच आहोत."

"आपण चौघी."

आता ते पुटपुटणं नव्हतं. सरळ, स्वच्छ होतं. हर्षिताच्या मानेवर गार श्वास लागला. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. तिला सकाळचा शब्द आठवला, आपण गाळलेला. त्या मुलीला कुणी कधी मोजलं नाही, आणि जिनं मोजायचं तिनंही 'पुटपुटणं' म्हणून सोडून दिलं. तिनं माइक जवळ ओढला.

"चार," ती इंग्रजीत म्हणाली. "वी आर फोर."

"चौथं कोण?"

उत्तर हर्षितानं दिलं नाही, कमलानं दिलं नाही. ते आलं पडद्यावरून. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आरोपी बसला होता, सकाळपासून लाकडाच्या ठोकळ्यासारखा. तो उठून उभा होता. त्यानं कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले होते आणि तो पडद्याकडे, म्हणजे आपल्या समोरच्या कमलाच्या चित्राकडे बघत होता. कमलाच्या मागच्या कोऱ्या भिंतीकडे. त्याचा जबडा लटपटत होता.

"बारके," तो म्हणाला. आणि मग दोन्ही हात पुढे करून, कुणाला तरी थोपवावं तसं, "बारके! बारके!"

 कोर्टात त्याचा अर्थ कुणाला कळणार? सगळे त्याच्याच भाषेच्या दुभाष्याकडे पाहायला लागले. तो खांदे उडवत होता. हा आमच्याकडचा शब्दच नाही.

"तो मराठी आहे," हर्षिता म्हणाली. आपल्यावर आता कुणाचा विश्वास नाही हे विसरून म्हणाली. "बारकी म्हणजे लहानगी. बारके, ही हाक आहे. हाक मारतानाच फक्त असं म्हणतात."

न्यायाधीशबाई कमलाकडे वळल्या. त्यांचाही आवाज खाली आला होता. त्या दिवशी खिडकीतून तुम्ही त्या मुलीला काय हाक मारलीत?

 कमलानं मांडीवरचा टिश्यू उलगडला, पुन्हा घडी केली.

"बारके, वर ये," ती म्हणाली.

ज्यानं त्या दवाखान्यात आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, त्या माणसाला खिडकीतून आलेली ती मराठी हाक तोंडपाठ होती. बचावाचा वकील खाली बसला. सुनावणी तिथेच तहकूब झाली. हर्षितानं सांगितलेली ती वाक्यं पुढे साक्षीतून वगळण्यात आली, ते रीतीला धरूनच झालं. आरोपीचा स्वतःचा शब्द मात्र कुणाला वगळता आला नाही.

पडदा काळा झाला. खोलीत पुन्हा कालच्या कॉफीचा वास. डोनानं कमलाला कोट घातला, एक ग्रॅनोला बार पर्समध्ये सरकवला आणि विमानतळाची गाडी खाली आल्याचं सांगितलं. एवढ्या लांबून आणलेल्या बाईला कोर्टानं सकाळभर काय पाहिलंस ते विचारलं. इतकी वर्षं कशी काढलीस, हे कुणी विचारलं नाही. हर्षितालाही विचारायची परवानगी नव्हती. ती फक्त वाकली आणि पाया पडली.

"मावशी, ती गेली का हो?"

कमलानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या गालावरून हात फिरवला आणि उत्तर न देताच खाली जाऊन गाडीत बसली.

हर्षिता आपल्या गाडीत येऊन बसली तेव्हा भर दुपार होती. पार्किंगमध्ये लख्ख ऊन, लोक हसत जेवायला निघालेले.  तिनं काचा वर केल्या, दारं लॉक केली, आणि धम्मदीपचा फोन आला.

"हॅलो, काय गं? झालं का काम? निघालीस?"

"हो," ती म्हणाली. "आम्ही निघालो."

 पलीकडे तो हसला. "आम्ही? आम्ही म्हणजे कोण कोण?"

हर्षितानं तोंडावर हात नेला. का म्हणाली ती असं? शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर तिची वही होती आणि पाण्याची बाटली. बंद गाडीत उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास हळूहळू भरत होता.

"आम्ही," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. नवा शब्द जिभेवर ठेवून बघावा तसं, सावकाश. सकाळभर ऐकलेला आणि कधीच न शिकवलेला शब्द. "आ... म्ही."

"हर्षिता? आर यू देअर? कोण आहे गाडीत?"

 आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून बाकीचे, हे तिनंच सकाळी कोर्टाला समजावलं होतं. म्हणजे ती मुलगी एकटी आलेली नव्हती. आणि आता मागून तो शब्द पुन्हा आला, तेव्हा तो एका आवाजात नव्हता. बायकांचे आवाज होते, वॉर्डभर बायकांचे, आणि त्यांच्या मधूनमधून तान्ह्या मुलांचं कुरकुरणं होतं.

"आम्ही," ते म्हणाले, आणि तिनं ते इंग्रजीत सांगावं म्हणून थांबले.